आजचा रंग कोणता?

नवरात्र तोंडावर आलंय. येत्या काही दिवसांत तुमच्या घरच्या पेपरात एक चौकट छापून येईल. नऊ दिवस, नऊ तारखा, नऊ रंग. तुमच्यापैकी कुणीतरी तिचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकेल, खाली ‘हे फिक्स!’ असं लिहील आणि मग कपाटं उपसली जातील. मोरपंखी कुणाकडेच नसतो, म्हणून आदल्या संध्याकाळी तुळशीबागेत नाहीतर दादरला धावाधाव होईल. घटस्थापनेच्या दिवशी कॉलेजच्या पायऱ्यांवर, बँकेत, लोकलच्या लेडीज डब्यात एकच रंग. मग फोटो. फोटो पेपरकडे. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो.

आता जरा आजीला विचारा, तिच्या लहानपणी नवरात्रात कोणत्या दिवशी कोणता रंग असायचा. ती तुमच्याकडे बघतच राहील. घट, माळा, उपास, भोंडल्याची गाणी हे सगळं तिला पाठ असेल. रंगांचं वेळापत्रक मात्र तिला आठवणार नाही, कारण ते तेव्हा नव्हतंच. ते आलं एका पेपरातून. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ‘महाराष्ट्र टाइम्स’नं नवरात्राचे रंग जाहीर करायला आणि त्या त्या रंगात सजलेल्या वाचकांचे फोटो छापायला सुरुवात केली. बाकीच्यांनी ते उचललं, वाहिन्यांनी उचललं, साडीवाल्यांनी तर डोक्यावरच घेतलं. पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांनी अनेकदा सांगून झालंय की याला शास्त्राचा आधार नाही. रंग बरेचसे वारावरून ठरतात. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, शनिवारी करडा. वार सात आणि दिवस नऊ, म्हणून उरलेल्यांना जांभळा, गुलाबी, मोरपंखी यांतलं काहीतरी. दोन-तीन वर्षांच्या चौकटी शेजारी शेजारी ठेवून बघा, लगेच लक्षात येईल.

हे वाचून ‘म्हणजे आम्हाला येडं बनवलं?’ असं म्हणू नका. मला ही कल्पना अजूनही भन्नाट वाटते. ऑफिसातली मोठी मॅडम आणि तिथेच साफसफाई करणारी मावशी एका दिवशी एकाच रंगात येतात, एकाच फोटोत उभ्या राहतात, हे आपल्याकडे एरवी कुठे घडतं? एरवी नवरात्रात साधी हिरवी साडी नेसून कामावर जाणाऱ्या बाईचा फोटो पेपरात कशाला आला असता? तेव्हा रंगांशी माझं भांडण नाही. मला त्या चौकटीकडे बघायचंय, कारण पेपर कसा चालतो हे तिच्याइतकं सोपं करून दुसरं काहीच सांगत नाही.

ती चौकट पेपरच्या कोणत्या विभागातली? बातमी आहे का? नाही. लेख? तोही नाही. जाहिरात? कुणी पैसे दिलेत असं वर लिहिलेलं नाही. तरीही ती पहिल्या पानावर येते. तिच्यासाठी पुरवणीत फोटोंचं अख्खं पान राखलेलं असतं. त्या पानाच्या खाली साडीच्या दुकानाची, नाहीतर सराफाची जाहिरात असते. आणि ज्यांचा फोटो छापून आलाय ते त्या दिवशी एकाऐवजी पाच अंक विकत घेतात, मामाला एक, आत्याला एक. म्हणजे बघा, संपादकीय विभागाला मजकूर मिळाला, जाहिरात विभागाला धंदा मिळाला, वितरण विभागाचा खप वाढला आणि पेपरची प्रसिद्धी वाचकांनीच फुकटात केली.

पेपरच्या ऑफिसात एक शब्द आहे, ‘पान लावणं’. कोणती बातमी कुठे, किती कॉलम, फोटो कोणता, शेजारी काय, हे ठरवणं म्हणजे पान लावणं. आपल्याला शाळेत पेपर वाचायला शिकवतात, लावलेलं पान वाचायला कुणी शिकवत नाही. म्हणून आजचा अंक हातात असेल तर हे पान क्षणभर बाजूला ठेवा आणि पान एक उघडा.

आधी पान एक सापडतंय का ते बघा. सणासुदीत त्याच्यावर जॅकेट असतं, म्हणजे अख्ख्या पानाची जाहिरात, वर पेपरचं नाव आणि खाली फ्रीज. ती उलटली की कधी कधी दुसरी. खरं पान एक मिळालं, की पेपरच्या नावाच्या वरची पट्टी बघा. पट्टीतून कुणीतरी डोकं बाहेर काढलेलं असतं, बहुतेक वेळा नट, नटी किंवा क्रिकेटपटू. शेजारी ‘आज पुरवणीत’ किंवा ‘वाचा पान ८’. ही पट्टी म्हणजे पेपरनं स्वतःच्याच आतल्या पानांची केलेली जाहिरात. पेपरला वाटतं, तुम्ही याच्यासाठी आत शिराल. आता आठवडाभर रोज ती पट्टी बघा आणि मोजा, तिच्यावर किती वेळा सिनेमा, खेळ, फॅशन, राशिभविष्य आणि स्पर्धा आल्या, आणि ‘शहराच्या पाणीपट्टीत वाढ, सविस्तर पान ५’ असं किती वेळा आलं. माझा अंदाज सांगत नाही. तुम्ही मोजा.

हे असं का, तर त्यामागे साधा हिशेब आहे. तुम्ही अंकाला जे पाच-सहा रुपये देता, त्यात कागद, शाई, छपाई, गाडी आणि पहाटे सायकलवरून येणाऱ्या विक्रेत्याचं कमिशन मिळून भागत नाही. फरक जाहिरात भरून काढते. म्हणून उपसंपादक संध्याकाळी पान लावायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर कोरा कागद नसतो. पानाचा आराखडा येतो, त्याला ‘डमी’ म्हणतात, आणि त्यावर जाहिरातींच्या चौकटी आधीच आखलेल्या असतात. उरलेल्या जागेत गाव, राज्य, देश आणि जग बसवायचं. दिवाळीच्या आधी जाहिराती भरभरून येतात आणि त्यांना धरून पानंही वाढतात. मग एखाद्या दिवशी शहराच्या पानावर बातम्या खेळत्या-भरल्या असतात, एखाद्या दिवशी नुसत्या फटीफटीत कोंबलेल्या.

पुरवणीची गोष्ट आणखी वेगळी. मुख्य अंक रात्री उशिरा छपाईला जातो, पुरवणी बऱ्याचदा आधीच छापून तयार असते. त्यामुळे कालची घटना पुरवणीत येऊच शकत नाही. तिथे जे येतं ते ऋतूवर चालतं. जूनमध्ये अॅडमिशन, जुलैमध्ये ट्रेकिंग आणि भुट्टा, ऑगस्टमध्ये फ्रेंडशिप डे, मग ढोलताशा पथकं, मग दांडिया, मग थंडीतली त्वचा, मग व्हॅलेंटाइन. हे कॅलेंडर एकदा डोक्यात बसलं, की पुढच्या वर्षीच्या पुरवण्या तुम्ही आजच सांगू शकता. आणि गंमत म्हणजे हेच कॅलेंडर दुकानदाराचंही असतं. विषय आधी ठरतो की जाहिरात आधी येते, हे कोंबडी-अंड्याचं कोडं आहे. कधी हे, कधी ते.

आता येतो मुद्द्यावर. तुम्ही पेपरात कुठे राहता?

उत्तर सोपं वाटतं. इथेच, युवा पानावर. पण नीट बघितलं तर तुम्ही दोन ठिकाणी राहता. युवा पानावर तुम्ही म्हणजे स्नीकर्स घेणारे, कॅफेत बसणारे, ब्रेकअपमधून सावरणारे, रेझ्युमे चकचकीत करणारे. आणि मुख्य अंकात आतल्या पानावर, एका कॉलमात, तुम्ही म्हणजे ‘विद्यार्थ्यांची गैरसोय’. शिष्यवृत्ती अडकली, वसतिगृहाची मेस बंद पडली, एसटीचा पास मिळेना, निकाल लांबला. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. पुढच्या प्रवेशांचे वांधे झाले, शेवटी कुलगुरूंना पद गमवावं लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये एमपीएससी आणि आयबीपीएस या दोन्ही परीक्षा २५ तारखेला आल्या. पुण्यात पोरं-पोरी रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे एमपीएससीची परीक्षा पुढे गेली. हे तुमचंच आयुष्य आहे ना? तुमच्या गावच्या ग्रंथालयात जुन्या अंकांची फाइल असेल. त्या आठवड्यांचे अंक काढा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. मुख्य अंकातली बातमी आणि त्याच आठवड्यातलं युवा पान. एकाच वयाच्या, एकाच शहरातल्या मुलांबद्दल ती पानं बोलतायत, असं वाटतं का बघा.

युवा पान हलकंफुलकं असावं, याला माझी काहीच हरकत नाही. सगळ्यांनी चोवीस तास गंभीर चेहरा करून फिरावं असं कोण म्हणतंय? स्नीकर्सवर मीही लिहीन. हरकत या वाटणीला आहे. खर्च करणारा तरुण पुरवणीत, रंगीत पानावर. रांगेत उभा राहणारा तरुण पान पाचवर, तळाला. आणि पहिल्या पानाच्या पट्टीत यांतल्या एकालाच जागा. जो फक्त पुरवणी ओढून घेतो आणि उरलेला अंक बाबांना देतो (हे घरोघरी चालतं), त्याला स्वतःबद्दलची अर्धीच बातमी कळते.

पेपरांचे स्वतःचे उपक्रमही याच खेळातले. ‘लोकसत्ता’ची ‘लोकांकिका’ स्पर्धा घ्या. महाविद्यालयातल्या नाटकवाल्या मुलांना तिनं खरोखर मोठं व्यासपीठ दिलंय, छोट्या शहरांतल्या टीमनाही. पण स्पर्धा सुरू झाली की ‘लोकसत्ता’त तिची पानं वाहतात, आणि दुसऱ्या पेपरात तिच्याबद्दल एखादी ओळ सापडते का ते शोधून बघा. आता पुरुषोत्तम करंडक घ्या. तो १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था घेते, तो कुठल्या पेपरच्या मालकीचा नाही, त्यामुळे त्याची बातमी सगळ्यांची. एकांकिका इथेही, तिथेही, घाम तितकाच. बातमी किती मोठी होणार हे मात्र कार्यक्रम कोणाचा यावर ठरतं. ज्यांच्या घरी एकच पेपर येतो त्यांच्या लेखी दुसऱ्या पेपरची स्पर्धा झालेलीच नसते. म्हणून महिन्यातून एकदा तरी कॉलेजच्या वाचनालयात जाऊन तीन पेपर एकत्र उघडा. एकाच शहरात तीन वेगवेगळी शहरं दिसतील.

इथपर्यंत सगळं उघड्यावर आहे. पेपरनं स्वतःची स्पर्धा स्वतः गाजवली तर ती कुणाची हे मथळ्यातच लिहिलेलं असतं. नाव झाकलं, की गोष्ट बिघडते.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना माहीत नसेल, तेव्हा तुम्ही बालवाडीत असाल. त्या वेळी एकमेकांचे स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याच्या कौतुकाचा मजकूर शब्दशः सारखा छापून आला, काही ठिकाणी वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावानं. ‘द हिंदू’त पी. साईनाथ यांनी ते उघड केलं आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी पोचला. प्रेस कौन्सिलनं परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांनी २०१० मध्ये नावानिशी अहवाल दिला, तर कौन्सिलनं तो सविस्तर अहवाल बाजूला ठेवून छोटासा काढला. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर तो पूर्ण लोकांसमोर आला. वाचायला मिळाला तर वाचाच, थ्रिलरसारखा आहे.

त्याच्याही आधी, २००३ मध्ये, ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कंपनीनं ‘मीडियानेट’ सुरू केलं होतं. पुरवणीत झळकायचंय? पैसे भरा. ‘बॉम्बे टाइम्स’च्या नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते, ‘अॅडव्हर्टोरियल, एंटरटेन्मेंट प्रमोशनल फीचर’. म्हणजे सांगितलंय. पण किती बारीक? नाव ज्या टायपात आहे त्याच्या शेजारी ती ओळ मुंगीएवढी. मराठी पेपरांतही अशा खुणा असतात. कुठे वर ‘प्रायोजित’, कुठे ‘मार्केटिंग उपक्रम’, कुठे शेवटी कंसात एक-दोन अक्षरं. प्रत्येक पेपरची खूण वेगळी, आणि ती कुठेही समजावून सांगितलेली नसते. घरचा पेपर वीस वर्षं वाचणाऱ्या काकांना विचारून बघा, ती कंसातली अक्षरं म्हणजे काय. सांगता येणार नाही. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटलंय की जाहिरात ही बातमीपासून वेगळी ओळखू आली पाहिजे. पण कौन्सिल फार तर समज देऊ शकतं, नापसंती व्यक्त करू शकतं. दंड वगैरे त्याच्या हातात नाही.

याचा सगळ्यात जास्त फटका कुणाला बसतो? तुम्हाला, आणि तुमच्या धाकट्या भावंडांना. कारण तुमच्या वयाला विकली जाणारी सगळ्यात महाग वस्तू स्नीकर्स नाही, करिअर आहे. जून आला की पुरवणीत ‘नव्या वाटा’ उघडतात. लेख असतो, वर लेखकाचा हसरा फोटो असतो, खाली ‘लेखक करिअर मार्गदर्शक आहेत’ अशी ओळ असते. त्याच पानाच्या पोटात एका संस्थेची जाहिरात असते, आणि मार्गदर्शक महाशय त्याच संस्थेचे संचालक निघतात. हे लेखात कुठेही लिहिलेलं नसतं. असं पान मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलंय. बापानं त्या लेखावर विसंबून लाखभर रुपये भरायचे. जाहिरात वाचताना माणूस सावध असतो, लेख वाचताना नसतो. त्या सावध नसण्याचेच पैसे असतात.

२०२४ ची नीट आठवा. निकाल लागला ४ जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्याच दिवशी. सुरुवातीच्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२०. त्या महिन्याच्या अंकांत दोन गोष्टी शोधा. निकालावर शंका घेणाऱ्या बातम्या कोणत्या पानावर होत्या आणि क्लासवाल्यांच्या ‘आमचे तारे’ छापाच्या जाहिराती कोणत्या. मधे किती पानांचं अंतर होतं, तेही लिहून ठेवा.

आता क्लासवाल्यांवर नियम आलेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी. त्यानं नेमका कोणता कोर्स केला, तो पैसे भरून केला का, हेही सांगायला हवं. आणि खुलासा मोठ्या मजकुराच्याच टायपात हवा, पानाच्या तळाशी मुंग्या सोडून चालणार नाही. रीलवाल्यांवरही नियम आहेत. २०२३ च्या जानेवारीपासून, पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन एखाद्या गोष्टीची वाहवा केली तर ती जाहिरात आहे हे ठळकपणे सांगावं लागतं. म्हणजे तुमच्या वर्गातली मेकअपचे व्हिडिओ करणारी मुलगी एका लिपस्टिकसाठी बांधील, आणि दोनशे वर्षांची परंपरा सांगणारी मराठी पत्रकारिता कंसातल्या दोन अक्षरांवर सुटणार? हे मला पटत नाही. तुम्हाला पटतं?

परंपरेवरून आठवलं. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा. त्यात पानाचे दोन कॉलम असत, एकात इंग्रजी, एकात मराठी. म्हणजे सरमिसळ पहिल्या दिवसापासूनच होती. पण कोणता कॉलम कुठला, हे नुसत्या नजरेनं कळायचं. ‘सकाळ’ १९३२ साली पुण्यात सुरू झाला तेव्हा नानासाहेब परुळेकरांनी थोरामोठ्यांच्या भाषणांच्या बरोबरीनं गावातल्या साध्यासुध्या बातम्यांना मान दिला. तेव्हा काहींनी नाकं मुरडलीही असतील. पेपरनं मिसळावं, भरपूर मिसळावं. मिसळीत फरसाण वेगळं दिसतं, पाव वेगळा दिसतो, तरी खायला मजा येतेच ना?

तर काय करायचं? पेपर बंद करा असं मी सांगणार नाही, माझं पोटही त्यावर आहे. पत्र लिहा. हसू नका, खरंच लिहा. अंकात कुठेतरी पानाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं असतात. बातम्यांच्या निवडीला कोण जबाबदार, तेही तिथेच. ही ओळ पेपर हौसेनं छापत नाही. १८६७ च्या कायद्यानं ती सक्तीची केली. तो जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा आला, तरी पत्र कुणाच्या नावे पाठवायचं ते अजून तिथेच सापडतं. आणि बऱ्याच पेपरांत तिथेच आसपास दुसरी ओळ असते, जाहिरातींतल्या दाव्यांची खातरजमा वाचकांनी स्वतः करावी. दोन्ही ओळी एकत्र वाचा आणि मग लिहायला बसा.

पत्रात मोजकं मागा. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ हा मराठी शब्द, मथळ्याच्या टायपात. करिअरच्या लेखाखाली लेखकाचा क्लास किंवा कंपनी असेल तर तिचं नाव. आणि महिन्यातला एक तरी आठवडा युवा पानावर शिष्यवृत्ती, वसतिगृह, परीक्षा, एसटी यांतलं काहीतरी, तुमच्यातल्याच कुणीतरी लिहिलेलं. त्या आठवड्यात पहिल्या पानाच्या पट्टीतही नटाऐवजी तेच. हे शेवटचं मागणं या पानाच्या संपादकांनाही लागू आहे, त्यांना मी हे सांगून झालंय, तुमची पत्रं आली तर माझं बोलणं जरा जड होईल.

पत्र दीडशे शब्दांच्या आत ठेवा, लांबलं तर कात्री लागते. ज्या अंकाबद्दल लिहिताय त्याची तारीख आणि पान नमूद करा. खाली पूर्ण नाव, कॉलेज आणि वर्ष लिहा, आणि एकट्यानं पाठवण्यापेक्षा वर्गातल्या पाच-सहा जणांनी वेगवेगळी पाठवा, सारखाच मजकूर उतरवून नको. नवरात्रातच पाठवा. त्या नऊ दिवसांत वाचकांचा डाक-डबा रोज उघडला जातो, फोटोंसाठी का होईना.